परीघ कापावा, गाभा काढावा

दहा मिलिमीटरचं भोक पाडता येतं म्हणजे शंभर मिलिमीटरचंही येईल, फक्त बिट मोठं लागेल, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. ही पुस्तिका त्या समजुतीशी भांडायला लिहिली आहे. लहान भोक पाडताना जेवढी जागा मोकळी करायची तेवढा सगळा माल आपण चुरा करून बाहेर काढतो. भोक लहान असतं, चुरा चिमूटभर निघतो, कुणाचं काही बिघडत नाही. मोठ्या भोकात हाच उद्योग केला तर मशीन तापतं, मनगट पिळवटतं, बिट जळतं आणि भोक मात्र अर्ध्यावर राहतं. तिथे कडेकडेने एक कडं कापायचं आणि मधला गाभा अख्खा उचलून घ्यायचा, हा खरा मार्ग.

याचा हिशेब शाळेतलाच आहे. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्र १९६३ चौरस मिलिमीटर भरतं. तेच भोक होल सॉने पाडलं आणि त्याच्या दातांची वाट चार मिलिमीटर रुंद धरली, तर कापायचं क्षेत्र उरतं फक्त ५७८. म्हणजे तीस टक्क्यांच्याही आत. व्यास आणखी वाढवत न्या, ही बचत वाढतच जाते. व्यास दुप्पट झाला की अख्ख्या भोकाचं क्षेत्र चौपट होतं, कड्याचं मात्र दुपटीच्या आसपासच राहतं. पिरॅमिडच्या काळातल्या इजिप्शियन कारागिरांना हे सूत्र मांडता आलं असतं की नाही कोण जाणे, पण ग्रॅनाइटसारख्या दगडात ते भोक पाडत ते तांब्याची पोकळ नळी आणि वाळू घेऊनच. तांबं ग्रॅनाइटपेक्षा मऊ, पण कापायचं काम वाळूचं होतं; नळी फक्त तिला गोल फिरवायची. आज काँक्रीट कापणाऱ्या हिऱ्याच्या कोअर बिटात नळी पोलादाची आहे आणि वाळूच्या जागी हिऱ्याची कणी आहे. कल्पना तीच.

हे सगळं ट्रॉम्बेत बसून लिहिण्यालाही कारण आहे. मुंबईच्या उपनगरांत इतक्या थोड्या जागेत इतक्या तऱ्हेच्या मालाला भोक पाडणारी माणसं दुसरीकडे क्वचितच भेटतील. कोळीवाड्यात आणि जेट्टीच्या बाजूला लाकडाच्या आणि फायबरच्या होड्या. माहुलकडे गेलं की तेलशुद्धीकरणाचे कारखाने, इकडे खताचा कारखाना आणि वीजकेंद्र. तिथे मैलोगणती नळ आणि पोलादी पात्रं. चित्ता कॅम्पच्या दाट वस्तीत छपरांवर प्लास्टिकच्या टाक्या. चेंबूर-देवनारच्या जुन्या इमारतींत बदलत राहणारे ओटे, मोऱ्या, चिमण्या आणि एसीचे नळ. आणि डोंगराच्या पलीकडे अणुसंशोधन केंद्र, जे ३ जानेवारी १९५४ रोजी ॲटॉमिक एनर्जी एस्टॅब्लिशमेंट, ट्रॉम्बे या नावाने सुरू झालं आणि १९६७ साली होमी भाभांचं नाव घेऊन नव्याने ओळखलं जाऊ लागलं.

अलीकडे त्यात एका खूपच मोठ्या भोकाची भर पडली. चेंबूरच्या अमर महालजवळच्या हेडगेवार उद्यानापासून ट्रॉम्बेच्या जलाशयापर्यंत महापालिकेने सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा जलबोगदा खणला, जमिनीखाली शंभर मीटरच्या आसपास खोलीवर. बोगदा खणणाऱ्या यंत्राने गाभा मागे ठेवला नाही. समोरचा सगळा दगड पोलादी चकत्यांनी चिरडून चुरा करत ते पुढे गेलं. आमच्या सिद्धांताच्या अगदी विरुद्ध! पण साडेपाच किलोमीटर लांबीचा दगडी गाभा ओढून बाहेर काढणार कोण? भोक उथळ असेल तर गाभा सुटा होऊन हातात येतो. भोक त्याच्या व्यासाच्या मानाने फार खोल गेलं की गाभा अडकतो, मोडतो, आतच बसतो. तेव्हा पहिला प्रश्न व्यासाचा, त्याला लागूनच दुसरा खोलीचा. बाजारातला साधा होल सॉ जेमतेम दीड इंच खोल जातो, हे विकत घेताना कुणी विचारत नाही आणि दोन इंची फळीत तो अडकला की मग विचारतात.

मानखुर्दहून हार्बरची गाडी पकडून मस्जिदला उतरावं आणि नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या एखाद्या दुकानाच्या फळीपाशी थोडा वेळ नुसतं उभं राहावं. गिऱ्हाईक येतं आणि माप सांगतं. "दोन इंची होल सॉ द्या." मुरलेला दुकानदार फळीवरचा हात हलवत नाही. तो विचारतो, "कशात मारायचंय?" गिऱ्हाईक म्हणतं, "टाकीला." "टाकी सिंटेक्सची की लोखंडी?" गिऱ्हाईक आधी थोडं वैतागतं, मग सांगतं. एवढ्या दोन प्रश्नांत निवड नव्वद टक्के झालेली असते. माप शेवटी. या पुस्तिकेची प्रकरणं त्याच क्रमाने लावली आहेत. बहुतेक कॅटलॉग बिटांच्या जातींवरून सुरू होतात, आम्ही मालाच्या स्वभावावरून सुरुवात केली. लाकूड तंतूंचं असतं, ते तासलं जातं. धातू सोलला जातो. दगड आणि काच यांना घासावं लागतं. वीट ठोकून फोडली तर लवकर ऐकते. काँक्रीटमध्ये या सगळ्यांचीच खिचडी असते, म्हणून त्याच्यावर सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत.

लाकडाचं प्रकरण त्या मानाने सरळ आहे. आपल्या सुतारांकडे सामता आणि गिरमिट पिढ्यान्‌पिढ्या होतेच. गिरमिटाच्या टोकाचा आटा लाकडात शिरून पुढच्या पात्याला ओढून घेतो, म्हणून दाब कमी लागतो आणि खोल भोकाला ते आजही उत्तम. होडीला इंजिन बसवायचं तर मागच्या जाड लाकडातून शाफ्टसाठी लांब आणि सरळ भोक लागतं. तिथे होल सॉ निकामी, फ्लॅट बिट भरकटणार, लांब गिरमिटच हवं, तेही सावकाश, मधून मधून बाहेर काढून भुसा झटकत. कपाटाच्या दाराला ऑटो हिंज बसवायचं तर गरज नेमकी उलटी: भोक ३५ मिलिमीटर रुंद, पण जेमतेम बारा-तेरा मिलिमीटर खोल, तळ सपाट, आणि अठरा मिलिमीटरच्या प्लायमधून पलीकडे टोक डोकावता कामा नये. हे काम फोर्स्टनर बिटाचं. बेंजामिन फोर्स्टनर या अमेरिकन बंदूक-कारागिराने १८७४ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याची करामत अशी, की ते मधल्या टोकाच्या आधाराने चालत नाही, आपल्याच कडेच्या आधाराने चालतं. म्हणून फळीच्या काठावर अर्धं भोकही ते बिनतक्रार पाडतं.

सनमायका लावलेल्या प्लायला आरपार भोक पाडताना पलीकडच्या बाजूचे पापुद्रे उडतात, हे दुःख प्रत्येक सुताराला ठाऊक आहे. त्यावर इलाज जुनाच: होल सॉच्या मधल्या पायलट बिटाचं टोक पलीकडे दिसलं की थांबायचं, फळी उलटायची आणि उरलेलं त्या बाजूने कापायचं. किंवा मागे एक टाकाऊ तुकडा घट्ट आवळायचा. दोन मिनिटं जास्त लागतात. ती दोन मिनिटं वाचवण्यासाठी सातशे रुपयांचं शटर फुकट घालवणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते कामात कच्चे नव्हते, घाईत होते.

फायबरच्या होडीला हे नियम लागू नाहीत. त्यात काचेचे धागे असतात आणि ते साध्या पोलादाच्या दातांची धार बघता बघता खातात. कार्बाइडची किंवा हिऱ्याची कणी लावलेला, दात नसलेला सॉ घ्यावा, आणि नाकातोंडावर चांगला मास्क लावावा. समुद्राचा वारा आहे म्हणून धूळ उडून जाते, हा युक्तिवाद फुप्फुसांना मान्य नसतो.

धातूपाशी आलं की खरं नाटक सुरू होतं, आणि त्यातला खलनायक वेग असतो. बिट किती फेरे फिरतं यापेक्षा त्याची कड मालावरून किती मीटर धावते याला महत्त्व आहे. हाय स्पीड स्टीलचं बिट साध्या लोखंडावर मिनिटाला सुमारे पंचवीस मीटर धावलं तर खूश असतं. घरगुती ड्रिल मशीन मोकळं फिरताना मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतं. २८०० धरा. पन्नास मिलिमीटरच्या होल सॉचा परीघ १५७ मिलिमीटर. म्हणजे त्याचे दात मिनिटाला ४४० मीटर धावणार. पंचवीसच्या जागी चारशे चाळीस! दातांची टोकं निळी पडतात, धार उतरते, आणि मग माणूस आणखी जोराने दाबतो. आपण दुकानदाराला शिव्या घालतो की माल हलका दिला. माल बहुतेकदा बरा असतो, आपणच त्याला जाळलेला असतो.

पाठ करायला एकच सूत्र द्यायचं तर हे: साध्या लोखंडासाठी आठ हजाराला व्यासाच्या मिलिमीटरांनी भागा, फेरे मिळतील. दहा मिलिमीटरला ८००, पन्नासला १६०, शंभरला ८०. स्टेनलेसला त्याच्या निम्मे. ॲल्युमिनियमला दीडपट-दुप्पट चालतात, लाकडाला त्याहून पुष्कळ जास्त. इतक्या कमी फेऱ्यांत पुरेसा जोर देणारं मशीन हवं, आणि ते पिस्तुलासारखं हलकं मशीन नसतं. ट्रिगर अर्धवट दाबून फेरे कमी करता येतात हे खरं, पण तेव्हा जोरही पडतो आणि मशीनचा पंखाही मंदावतो. मोटार आतून भाजत राहते. मोठ्या भोकाचं काम वारंवार असेल तर गिअर बदलता येणारं, कमी फेऱ्यांचं मशीन घ्यावं. महागड्या बिटावर पैसे घालण्याआधी मशीनवर घालावेत, हे माझं ठाम मत आहे आणि हत्यारविक्रेत्यांना ते आवडत नाही.

स्टेनलेस स्टीलचा स्वभाव हट्टी आहे. बिट त्याच्यावर न कापता नुसतं घासत राहिलं की पृष्ठभाग आणखी कठीण होतो, मग पुढचं बिटही घसरतं. सिंकला पाणी-शुद्धीकरणाच्या नळासाठी भोक पाडताना लोक हळुवारपणे, सांभाळून, थांबत थांबत दाबतात आणि नेमकं हेच चुकतं. फेरे कमी, दाब भक्कम आणि सलग, थेंब थेंब कटिंग ऑइल. कीस सलग वळ्यांनी निघाला तर समजावं की बिट कापतंय. पिठासारखा निघाला, किंवा नुसता किंचाळण्याचा आवाज आला, तर थांबावं. धार गेली आहे किंवा वेग चुकला आहे. कोबाल्ट मिसळलेलं, १३५ अंशांच्या टोकाचं बिट इथे पैसे वसूल करतं. लाकडावर ते घेणं म्हणजे उधळपट्टी.

पातळ पत्र्याची गंमत आणखी वेगळी. पिळाच्या साध्या बिटाने पत्र्यात मोठं भोक पाडलं तर ते गोल न होता तिकोनी होतं, आणि पलीकडे निघता निघता पत्रा बिटाला चिकटून हातभर गरगरतो. इलेक्ट्रिशियन पॅनेलला केबल ग्लँडसाठी भोक पाडतात ते पायऱ्यांच्या बिटाने, नाहीतर सरळ पंचने. पायऱ्यांचं बिट शंकूसारखं असतं, एकेक पायरी चढत भोक वाढवत जातं आणि जाता जाता कडेची बरही काढतं. पण पायरीच्या उंचीपेक्षा पत्रा जाड असेल तर त्याचा उपयोग संपला.

जाड पोलादात, समजा पंचवीस मिलिमीटरच्या पाटात, चाळीस-पन्नास मिलिमीटरचं भोक हवं असेल तर कारखान्यांतून आता चुंबकी ड्रिल आणि कड्याचा कटर सर्रास दिसतो. मशीनचा पाय विजेच्या चुंबकाने पाटाला पकडतो, कटर भक्कम पोलादाचा, मधून तेल सोडलेलं, आणि शेवटी गुळगुळीत लोखंडी गाभा टणकन खाली पडतो. जुन्या पद्धतीत हेच काम पिळाच्या तीन-चार बिटांनी चढत्या क्रमाने होई. ती पद्धतही मोडीत काढू नये. पिळाच्या बिटाचं ऐन मधलं टोक कापत नाही, ते नुसतं रेटत राहतं. बिट जितकं जाड तितकं ते टोक रुंद. म्हणून आधी त्या टोकाच्या रुंदीएवढं लहान भोक पाडलं की मोठ्या बिटाचा अर्धा त्रास संपतो. पिळाचं बिट स्टीफन मोर्स या अमेरिकनाने १८६३ साली पेटंट केलं, आणि मोठ्या बिटांच्या निमुळत्या दांड्याला आपल्या वर्कशॉपमधले टर्नर आजही मोर्स टेपर म्हणतात. माणूस गेला, दांडा राहिला.

अचूक मोठ्या भोकांची आपल्या ओळखीतली सर्वांत कडक परीक्षा अणुभट्टीची. ट्रॉम्बेत ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा सुरू झाली, आणि तिथून सुरू झालेल्या वाटेवर पुढे देशभर जड पाण्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. २२० मेगावॉटच्या अशा भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात, एकमेकींपासून केंद्र ते केंद्र २२८.६ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर नऊ इंचांवर. प्रत्येक नळी दोन्ही टोकांच्या जाड पोलादी ढालींतून आरपार जाते. म्हणजे एका बाजूला ३०६ भोकं, दुसऱ्या बाजूला ३०६, आणि प्रत्येक जोडी समोरासमोर, रेषेत. लार्सन अँड टुब्रो, वालचंदनगर इंडस्ट्रीज अशा कारखान्यांनी हे अवजड सुटे भाग घडवले. अशा कामात बिट फक्त वाट मोकळी करतं, माप बोरिंग मशीन आणतं. आपल्या रोजच्या कामातही हा भेद उपयोगी आहे. बेअरिंग बसवायचं भोक होल सॉने पाडून ते घट्ट बसेल अशी आशा करू नये. होल सॉचं भोक सांगितल्या मापापेक्षा थोडं मोठंच निघतं आणि नळ घालायला तेच सोयीचं असतं.

भट्टीवरून आणखी एक गोष्ट घ्यावी. अप्सरेसारख्या भट्टीच्या जाड काँक्रीट भिंतीतून न्यूट्रॉन बाहेर आणायला नळ्या असतात, आणि अशा नळ्यांची जागा काँक्रीट ओतायच्या आधी ठरते. नंतर भिंतीला बिट लावायचा प्रश्नच येत नाही. काँक्रीटमधलं सर्वांत स्वस्त मोठं भोक म्हणजे ओततानाच नळीचा तुकडा ठेवून सोडलेलं भोक. नव्या इमारतीत प्लंबर आणि आर.सी.सी. कंत्राटदार स्लॅबच्या आधी एकदा बोलले असते तर मुंबईतल्या निम्म्या कोअर कटिंगवाल्यांचा धंदा बसला असता.

पण ते बोलत नाहीत, त्यामुळे कोअर कटिंग जोरात आहे. त्याकडे जरा जवळून पाहू. स्लॅबवर मशीनचा स्टँड पक्का केलेला, खाली हिऱ्याच्या तुकड्यांची कड असलेली पोलादी नळी, वरून पाण्याची बारीक धार. पहिले दोन मिलिमीटर फार सावकाश, नळी आपली खाच धरेपर्यंत. मग करड्या रंगाचा चिखल वाहायला लागतो. रंग करडा आहे तोवर काँक्रीट. चिखल पातळ झाला, आवाज चढला, मशीन थरथरलं आणि पाण्यात चकाकणारे कण दिसले की सळई लागली. हिरा सळईही कापतो, पण ती कापायची की जागा सरकवायची हा प्रश्न मशीनवाल्याने एकट्याने सोडवायचा नसतो. शंभर मिलिमीटर व्यासाचा आणि दीडशे जाडीचा गाभा पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. तो सुटताना खालच्या घरात कुणी उभं नाही ना, खालून फळीचा टेकू लावला आहे ना, हे न बघता स्लॅब कापणाऱ्याला मी पगारच दिला नसता.

हिऱ्याच्या बिटात एक उलटा न्याय आहे आणि तो समजला नाही तर चांगल्या बिटाचं मातेरं होतं. हिऱ्याची कणी धातूच्या लगद्यात बसवलेली असते. कणी बोथट झाली की आजूबाजूचा धातू झिजून नवी कणी वर यायला हवी. आपल्याकडच्या काँक्रीटमध्ये काळ्या दगडाची खडी असते. हा दगड कठीण, पण धातूला फारसा झिजवत नाही. म्हणून अशा कठीण काँक्रीटला मऊ बांधणीचं बिट लागतं. वीट, कच्चा गिलावा हे मऊ पण खरखरीत, ते धातू भराभर खातात, म्हणून त्यांना कठीण बांधणीचं बिट. माल कठीण तर बिट मऊ! चुकीची जोडी जमली की बिटाची कड काचेसारखी गुळगुळीत होते आणि ते नुसतं फिरत राहतं. अशा वेळी ते फेकून देऊ नये. एखादी जुनी वीट घेऊन तिच्यात दोन-चार खाचा पाडाव्यात, वरचा धातू झिजतो, आतली कणी उघडी पडते आणि बिट पुन्हा चालू लागतं.

विटेच्या भिंतीला मात्र हिऱ्याची चैन लागत नाही. एसीच्या नळासाठी अडीच इंची भोक पाडायला कार्बाइडच्या दातांचा कोअर कटर आणि रोटरी हॅमर पुरतो. शेवटचे दोन इंच उरले की ठोका बंद करून नुसतं फिरवावं, म्हणजे बाहेरच्या बाजूचा गिलावा खपलीसारखा सुटून खाली रस्त्यावर पडत नाही. ग्रॅनाइटच्या ओट्याला नळाचं ३५ मिलिमीटरचं भोक, टाइल, काच, यांना ठोका कायमचा वर्ज्य. हिऱ्याचं पायलट नसलेलं बिट सुरुवातीला तिरकं धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडावी, मग हळूहळू उभं करावं, आणि पाणी चालू ठेवावं. टफन केलेल्या काचेला भोक पाडताच येत नाही. प्रयत्न केला तर ती काच क्षणात हजार तुकडे होऊन उत्तर देते.

काँक्रीटचा गाभा हा या सगळ्या धंद्यातला एकमेव गाभा, ज्याच्यासाठी कधी कधी भोक पाडलं जातं. मुंबईत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार संरचनेची तपासणी करून घ्यावी लागते, आणि शंका आली की अभियंता कोअर काढायला सांगतो. तिथे बिटाचा व्यास मनाला येईल तो घेत नाहीत. गाभ्याचा व्यास खडीच्या सर्वांत मोठ्या दाण्याच्या तिप्पट तरी असावा लागतो. गाभा प्रयोगशाळेत दाबून फोडतात. आय.एस. ४५६ प्रमाणे काढलेल्या गाभ्यांची सरासरी ताकद ठरलेल्या घनताकदीच्या ८५ टक्के भरली आणि एकही गाभा ७५ टक्क्यांखाली गेला नाही, तर ते काँक्रीट पास. भोक नंतर बुजवतात. ते नीट, न आकसणाऱ्या मसाल्याने बुजवलं का, हे सोसायटीच्या सचिवाने स्वतः जाऊन बघावं. अहवालाच्या फायलीत ते दिसत नाही.

गाभा हरवला तर काय होतं याचा उत्तम धडा वाहत्या नळांवरच्या कामात मिळतो. तेल, वायू किंवा पाण्याचा मोठा नळ बंद न करता त्याला फाटा काढायचा असतो. त्यासाठी नळावर आधी जोडाचा तुकडा वेल्ड करतात, त्यावर व्हॉल्व्ह, त्यावर कापायचं यंत्र. उघड्या व्हॉल्व्हमधून कटर आत जातो, नळाच्या भिंतीला भोक पाडतो, मागे येतो, व्हॉल्व्ह बंद होतो. आत दाब आहे तसाच. कापलेली गोल चकती जर आत पडली तर प्रवाहाबरोबर वाहत जाऊन पुढच्या एखाद्या पंपात किंवा व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसेल. म्हणून मधल्या पायलट बिटाला तारेचा एक वाकडा आकडा असतो. पायलट आरपार गेला की आकडा पलीकडे उघडतो आणि चकतीला धरून ठेवतो. एवढ्याशा तारेवर अख्ख्या कामाची भिस्त. घरातल्या पाण्याच्या टाकीला भोक पाडतानाही प्लास्टिकची चकती आत पडते आणि महिन्याभराने नळाच्या तोंडाशी येऊन अडकते, त्याची आठवण इथे ठेवायला हरकत नाही.

टाकीचा विषय निघालाच आहे तर मापाची खोड सांगून टाकतो. पाइप 'एक इंची' म्हणजे त्याला एक इंचाचं भोक पुरेल असं नाही. जी.आय.च्या एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास ३३.७ मिलिमीटर असतो, अर्ध्या इंचीचा २१.३. उलट सांडपाण्याचा 'चार इंची' पी.व्ही.सी. पाइप बाहेरून ११० मिलिमीटर. विजेचा कंड्यूट बाहेरच्या मापानेच ओळखला जातो. आणि आपले मिस्त्री बोलतात सुतात, आठ सुतांचा इंच. दोन सुतांचा पायलट म्हणजे पाव इंच. तीन भाषांतली ही मापं एकाच भिंतीवर एकत्र येतात. तेव्हा सर्वांत खात्रीचं माप म्हणजे जो पाइप, जो कनेक्टर बसवायचा तोच हातात घेऊन व्हर्नियर लावणं. पुस्तिकेच्या शेवटी तक्ता दिला आहे, पण तो वस्तू हाताशी नसेल तेव्हासाठी.

सुरक्षिततेचं वेगळं प्रकरण केलेलं नाही. वेगळं केलं की लोक ते उलटून पुढे जातात. म्हणून ज्या बिटाचा जो धोका तो त्याच्याच पानावर घातला आहे. मोठा होल सॉ अडकला की मशीन स्वतःच फिरतं, म्हणून बाजूची मूठ लावल्याशिवाय पन्नास मिलिमीटरच्या वर जाऊ नये. फिरत्या बिटाजवळ सैल हातमोजा हे संरक्षण नसून फास आहे. पाणी आणि वीज एकत्र येणाऱ्या कामात आर.सी.सी.बी. नसेल तर मशीन लावूच नये. भिंतीत गॅसचा नळ कुठून गेला आहे हे घरमालकाला विचारलं तर तो बोट दाखवतो ते बहुतेक वेळा अंदाजाने. मीटरपासून स्वतः माग काढावा.

मागच्या तक्त्यात डाव्या बाजूला माल आहे, वर व्यास, आणि चौकटीत बिटाची जात व फेरे. लाकूड, प्लाय, फायबर, लोखंड, स्टेनलेस, पत्रा, वीट, टाइल, ग्रॅनाइट, काच, स्लॅब, अशा ओळी आहेत. 'खांब' आणि 'तुळई' या दोन ओळींपुढच्या चौकटी मात्र कोऱ्या सोडल्या आहेत. तो छपाईचा दोष नाही. तिथे बिट निवडण्याआधी संरचना अभियंत्याची लेखी परवानगी घ्यायची असते, आणि ती मिळाली तर बिटही तोच सांगतो.